अतिभुंकणं (पाळीव कुत्र्यांचं)

वयात आलेलं कुत्रं कारण संपल्यावरही भुंकत राहतं किंवा दिसेल त्या गोष्टीवर तासन्‌तास भुंकतं, त्याला अतिभुंकणं म्हणतात. किती भुंकलं म्हणजे अति याचं ठरलेलं माप नाही. लहानपणी माणसांची, आवाजांची सवय न झालेल्या आणि दिवसभर बांधून ठेवलेल्या कुत्र्यांत हे जास्त दिसतं.

मुळात कुत्रं एवढं भुंकतं का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मोठा लांडगा क्वचितच भुंकतो, बहुतेकदा धोका दिसला तरच, पिल्लं त्यामानाने जास्त भुंकतात, म्हणून रेमंड कॉपिंजर आणि मार्क फाइनस्टाइन यांनी १९९१च्या सुमारास मांडलं की माणसाळताना कुत्र्यात पोरपण टिकून राहिलं आणि भुंकणं हा त्याचाच भाग, त्यात संदेश असा फारसा नाही. हे मत पुढे डळमळलं. सोफिया यिन यांनी २००२मध्ये दाखवलं की दारावरच्या अनोळखी माणसावरचं भुंकणं खालच्या पट्टीतलं आणि खरखरीत असतं, एकटं पडलेल्या कुत्र्याचं वरच्या पट्टीतलं आणि सुटंसुटं. बुडापेस्टच्या संशोधकांच्या प्रयोगांत तर नुसतं रेकॉर्डिंग ऐकून लोकांना प्रसंग बऱ्यापैकी ओळखता आला. २००९मध्ये कॅथरिन लॉर्ड यांनी कॉपिंजर आणि फाइनस्टाइन यांच्याच सोबत नवीन मांडणी केली : पक्षी घुबडाला घेरून कलकलाट करतात त्या जातीचं हे वर्तन, पुढे जावं की पळावं अशी ओढाताण झाली की प्राणी भुंकतो. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला दोन्ही करता येत नाही, त्यामुळे निदान या लेखातल्या कुत्र्यांपुरतं तरी हेच जास्त पटतं.

सवय पक्की होते ती बहुतेकदा माणसांमुळेच, नकळत. कुरिअरवाला येतो, कुत्रं भुंकतं, तो पार्सल ठेवून जातो, तो जाणारच होता पण कुत्र्याच्या लेखी आपण हाकलला, म्हणून उद्या अजून जोरात. लक्ष मिळवायला भुंकणाऱ्याकडे पूर्ण दुर्लक्ष केलं तर पहिले काही दिवस भुंकणं उलट वाढतं, नेमकं तेव्हाच वैतागून कोणीतरी बिस्कीट देतं आणि कुत्रं शिकतं की जरा जास्त वेळ लावून धरायचं. भीतीने भुंकणाऱ्याला मात्र नुसत्या दुर्लक्षाचा उपयोग नाही, त्याला भीतीच्या गोष्टीची लांबून, हळूहळू सवय करावी लागते. ‘भुंकेल तो चावेल काय’ यावर इथे विसंबू नये, घाबरलेलं कुत्रं कोंडीत सापडलं तर चावू शकतं.

म्हातारपणी अचानक सुरू झालेलं भुंकणं दुखणं, बहिरेपण किंवा मेंदूच्या ऱ्हासामुळे असू शकतं, तिथे आधी पशुवैद्य मग ट्रेनर. एकटेपणाच्या तीव्र भीतीवर क्लोमिप्रामीनसारखी औषधं ट्रेनिंगच्या जोडीने देतात.

भुंकणं थांबवायला शॉक देणाऱ्या गळपट्ट्यांवर वेल्सने २०१०मध्ये बंदी घातली. स्वरतंतू कापायची शस्त्रक्रिया पाळीव प्राण्यांविषयीच्या १९८७च्या युरोपीय करारात निषिद्ध आहे. ती केल्यावरही कुत्रं घोगरं भुंकतंच आणि ज्यामुळे भुंकत होतं ते तसंच राहतं.