परिसर रचना संहिता (नाशिक शहराच्या संदर्भात)

परिसर रचना संहिता म्हणजे एखाद्या वस्तीत नवी इमारत रस्त्याशी, शेजारच्या घराशी आणि जमिनीच्या चढउताराशी कशी जुळवून घेईल, हे मोजता येणाऱ्या नियमांत आणि आकृत्यांत सांगणारा स्थानिक दस्तऐवज. किती बांधायचे ते चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय, ठरवतो. बांधकाम भूखंडावर नेमके कुठे उभे राहील, जोते किती उंच, दार कोणत्या बाजूला, गाडी कुठून आत शिरणार, सज्जा रस्त्यावर किती येणार, हे रचना संहिता ठरवते. ५०० चौरस मीटरच्या भूखंडावर १.१ एफएसआयने ५५० चौरस मीटर बांधकाम होते. ते निम्म्याहून थोडी अधिक जमीन व्यापणाऱ्या दोन मजल्यांत बसते, तसेच पाव जमीनही न व्यापणाऱ्या, खाली स्टिल्ट पार्किंग असलेल्या पाच मजल्यांतही बसते. कागदावर दोन्ही सारखी. गल्लीतून चालणाऱ्याला मात्र ती दोन वेगळी गावे वाटतील.

पूर्वेतिहास

कल्पना जुनी आहे. १६६६ च्या आगीनंतर लंडनमध्ये १६६७ साली झालेल्या पुनर्बांधणी कायद्याने रस्त्याच्या दर्जाप्रमाणे घरांचे चार प्रकार पाडले आणि प्रत्येकाचे मजले व भिंतींची जाडी ठरवून दिली. १७२७ मध्ये वसवलेल्या जयपूरच्या बाजाररस्त्यांवर दुकानांची एकसारखी ओळ आखली गेली. मुंबईत हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावर, १८९६ च्या नियमांनी तळमजल्याला पादचाऱ्यांसाठी कमानींचा सलग व्हरांडा सक्तीचा केला. इमारतींच्या शैली निरनिराळ्या असूनही तो रस्ता एकसंध दिसतो आणि भर पावसातही तिथून चालता येते, ते या एका अटीमुळे. चांगल्या संहितेचा हा सर्वात जवळचा नमुना म्हणावा लागेल: अट एकच, पण अचूक जागी घातलेली. अमेरिकेत १९८० च्या दशकात फ्लोरिडातील सीसाइड या वसाहतीपासून इमारतीच्या आकारावर आधारलेल्या संहिता रूढ झाल्या. इंग्लंडने २०२१ मध्ये राष्ट्रीय नमुना संहिता प्रसिद्ध केली आणि २०२३ च्या कायद्याने प्रत्येक स्थानिक नियोजन प्राधिकरणाने आपल्या क्षेत्रासाठी अशी संहिता करावी असे ठरवले.

महाराष्ट्रातील कायदेशीर जागा

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा (एमआरटीपी), १९६६ मध्ये रचना संहिता नावाचा स्वतंत्र दस्तऐवज नाही. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली (यूडीसीपीआर) मुंबई आणि काही ठरावीक क्षेत्रे वगळता राज्यभर लागू आहे. नाशिकही तिच्यात येते. ती मुळातच सर्व शहरांना एका मापाने मोजण्यासाठी केलेली असल्यामुळे गावठाण आणि गावठाणाबाहेर एवढा मोठा भेद ती करते. पण तिवंध्याची चढती गल्ली आणि इंदिरानगरची कॉलनी यांना तळमजल्यावर वेगळे काय हवे, हे सांगणे तिच्या कामाचा भाग नाही.

स्थानिक संहितेला कायदेशीर बळ देण्याचे मार्ग तीन. पहिला, कलम ३७ खाली विकास नियंत्रण नियमांत त्या परिसरापुरता फेरबदल करणे. महापालिका राजपत्रात सूचना काढते, हरकती व सूचनांसाठी एक महिना मिळतो आणि अंतिम मंजुरी राज्य शासनाची असते. दुसरा, वारसा नियमांखाली परिसराला वारसा क्षेत्र म्हणून नोंदवून त्याची मार्गदर्शक तत्त्वे जोडणे. तिसरा, अभिन्यास म्हणजे लेआउट मंजूर करताना किंवा भाडेपट्ट्यात अटी घालणे. नव्या लेआउटला हा सोयीचा आहे, जुन्या वस्तीत निरुपयोगी. यांपैकी काहीच न करता केवळ सुंदर छापलेली पुस्तिका काढली, तर नगररचना विभागातील अभियंता ती बाजूला ठेवतो. त्यात त्याची चूक नाही: नियमावलीत नसलेल्या कारणासाठी परवानगी नाकारली तर अपिलात तो निर्णय टिकत नाही.

जुने नाशिक: गावठाण

सराफ बाजार, भद्रकाली, तिवंधा, तांबट आळी, रविवार कारंजा हा भाग टेकड्यांवर आणि त्यांच्या उतारांवर वसलेला आहे. भूखंड अरुंद आणि खोल. वाडे एकमेकांना खेटून, सामाईक भिंतींवर उभे. रस्त्याकडून आत जाताना ओटा, ओसरी, चौक, माजघर असा क्रम. दर्शनी बाजूस काळ्या पाषाणाचे जोते, वर लाकडी खांब आणि सज्जा. परिसराचे रूप टिकवायचे म्हणजे मुख्यतः जोत्यापासून सज्जापर्यंतचा साधारण साडेतीन मीटरचा पट्टा टिकवायचा. वरचे मजले आधुनिक झाले तरी गल्ली ओळखू येते. हा पट्टा गेला की वर कितीही नक्षी लावली तरी ती ओळखू येत नाही.

हा पट्टा खाण्यात पहिला क्रमांक पार्किंगचा. ५ मीटर तोंडाच्या भूखंडाला ३ मीटरचे गाडीचे फाटक दिले की उरलेल्या २ मीटरमध्ये जिना आणि बोळ एवढेच बसते. दुकान गेले, ओटा गेला, खिडकी गेली. म्हणून ६ मीटरपेक्षा कमी तोंडाच्या भूखंडाला गाडीचे फाटक नको, दुचाकी आत आणि चारचाकी सामाईक वाहनतळावर, असा नियम करावा लागतो. मात्र त्याच फेरबदलात पार्किंगच्या संख्येची अटही शिथिल केली नाही तर दोन नियम एकमेकांना छेदतात आणि अर्जदार मधे अडकतो.

दुसरे कारण रस्ता रुंदीकरणाची रेषा. वाडा पडला की नवी इमारत रेषेमागे सरकते, शेजारचा वाडा जागेवरच राहतो. पन्नास वर्षांतही सगळे भूखंड मागे सरकत नाहीत; गल्लीला करवतीचे दाते येतात आणि त्या खाचांत कचरा, दुचाकी, टपऱ्या साचतात. ज्या गल्लीत रुंदीकरण खरोखर पुरे होणार नाही, तिथे रेषा रद्द करून मूळ बांधणी रेषाच, म्हणजे दर्शनी भिंतींची जुनी ओळ, कायम करणे हा प्रामाणिक मार्ग. नाहीतर निदान तळमजल्यावर ओटा किंवा खांबांचा व्हरांडा मूळ रेषेपर्यंत येऊ द्यावा.

तिसरे, भूखंडांचे एकत्रीकरण. चार वाडे मिळून एक इमारत झाली की दर्शनी भिंत २० मीटरची होते आणि उंची वाढल्याने सामासिक अंतरेही, म्हणजे इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा, वाढतात. संहितेत याला उत्तर म्हणजे भूखंडांची जुनी लय सांभाळणे: दर ५ ते ६ मीटरवर दर्शनी भागात उभा खंड, आणि प्रत्येक खंडाला रस्त्यावर स्वतःचे दार.

उताराच्या गल्लीत जोत्याची उंची कुठून मोजायची, हे लिहून ठेवले नाही तर वाद ठरलेला. वरच्या कोपऱ्यापासून मोजले तर खालच्या कोपऱ्यावर दीड मीटरची आंधळी भिंत उभी राहते. दर्शनी रेषेच्या मध्यावर मोजावे आणि १ मीटरपेक्षा अधिक फरक असल्यास जोते पायऱ्यांनी तोडावे, हे सोपे पडते. सामाईक भिंतीबाबतही कलम हवे: वाडा उतरवण्यापूर्वी शेजारच्या भिंतीला तात्पुरता टेकू, आणि नव्या पायाचे खोदकाम एकदम न करता तुकड्यातुकड्यांनी. पावसाळ्यात भिजलेल्या मातीच्या भिंती नेमक्या इथेच दगा देतात. मोडकळीच्या वाड्यांना महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली नोटिसा निघतात, पण मालक आणि जुने भाडेकरू यांचा तंटा सुटेपर्यंत दुरुस्ती होत नाही. तो प्रश्न कोणतीही रचना संहिता सोडवू शकत नाही.

पूररेषा आणि तळमजला

गोदाकाठची संहिता ही सर्वात अवघड. सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये सराफ बाजार, भांडी बाजार, दहीपूल भागात पाणी शिरले. पूर किती चढला हे नाशिककर आजही गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेवरून, छातीवरून सांगतात. शासकीय भाषेत निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीकाठ ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा; निळी ते लाल यांच्यामध्ये बांधकाम निर्बंधांसह, जोते लाल रेषेच्या वर ठेवून.

आता हिशेब पाहा. रस्ता लाल रेषेच्या २ मीटर खाली असेल तर १६ सेंटीमीटरच्या बारा-तेरा पायऱ्या लागतात. ३० सेंटीमीटरच्या पावलाने त्या पावणेचार मीटर लांबतात. त्या रस्त्यावर आल्या तर गल्ली बंद, आत घेतल्या तर दुकान संपले. बहुतेक ठिकाणी परिणाम असा होतो की खाली शटर लावलेले पार्किंग येते आणि व्यापार हळूहळू उठतो. जलसंपदा विभागाशी आधी बोलून संहितेने इथे पूर सोसणारा तळमजला ही वेगळी जात मान्य करून घ्यावी: वर राहणे, खाली फक्त दिवसाचा व्यापार, फरशी दगडी, भिंतींना जिप्समऐवजी चुना किंवा सिमेंट, विजेचे बोर्ड आणि मीटर लाल रेषेच्या वर, दाराच्या चौकटीत फळ्या सरकवण्यासाठी खाच, गोदाम पहिल्या मजल्यावर. तळघर नाही, कोणत्याही कारणाने नाही.

पंचवटी आणि सिंहस्थाचे मार्ग

पंचवटीत परिसराच्या रूपाइतकाच गर्दीचा विचार लागतो. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थातील चेंगराचेंगरीत ३९ जणांचा जीव गेला. रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद मार्गांवर पायऱ्या, जाहिरातींचे फलक, पत्र्याची शेड आणि मधेच आलेले विजेचे डीपी बॉक्स हे सौंदर्याचे नव्हे, जिवाचे प्रश्न आहेत. अशा मार्गांवर ओट्यांच्या रेषेपुढे जमिनीपासून ३ मीटरपर्यंत काहीही येऊ नये, दारे बाहेर उघडू नयेत आणि ओट्यांची सलग रेषा ठेवावी. एकटाच पुढे आलेला ओटा लोंढ्यात अडथळा होतो, सलग ओटा थकलेल्या माणसाला बाजूला होण्याची जागा देतो.

सिडको आणि कॉलेज रोड

नवीन नाशिक, लोकांच्या तोंडी सिडको, इथे छोट्या भूखंडांवरच्या रो-हाऊसना मालकांनी गरजेप्रमाणे पुढेमागे आणि वर खोल्या जोडल्या. इथे संहितेने मूळ रूपाकडे परत नेण्याचा हट्ट धरू नये. पुढे किती यायचे त्याची एक रेषा, बाहेरच्या लोखंडी जिन्याला मनाई, मागे हवेसाठी मोकळा पट्टा आणि अग्निशमनाची गाडी वळेल एवढी गल्ली मोकळी: एवढे पाळले गेले तरी पुष्कळ.

कॉलेज रोड, गंगापूर रोड, महात्मानगर येथे बंगले जाऊन उंच इमारती आल्या. तिथे रूप ठरवतात ती कुंपणे आणि झाडे. नियमावलीप्रमाणे दर्शनी कुंपणभिंत साधारण १.५ मीटरपर्यंत घालता येते. संहितेने ती पाऊण मीटर भरीव आणि वर जाळी अशी मागावी. समोरच्या मोकळ्या जागेतले जुने झाड वाचवायचे असेल तर त्याभोवती काँक्रीट न घालण्याचा घेर लिहावा लागतो, नाहीतर पेव्हर ब्लॉक बुंध्यापर्यंत जातात. एक गोष्ट मसुदाकार नेहमी विसरतात: यूडीसीपीआरमध्ये एफएसआय बाह्यपरिघाच्या रेषेने, म्हणजे पी-लाइनने मोजला जातो आणि सज्जाही त्यात येतो. त्यामुळे संहितेने सज्जे मागितले तर बिल्डर ते खोलीच्या क्षेत्रातून कापणार. भरपाईची तरतूद त्याच कलमात हवी.

मसुदा कसा करतात

एका संहितेचे क्षेत्र पाच-दहा मिनिटांत चालून पार होईल एवढे ठेवतात; अख्ख्या शहराची एक संहिता म्हणजे पुन्हा नियमावलीच. प्रत्येक गल्लीची दोन्ही बाजूंची दर्शनी रेखाटने १:२०० प्रमाणात काढतात. प्रत्येक घराची तोंडाची रुंदी, जोते, मजल्याची उंची, सज्जाची खालची पातळी, उघड्या-बंद भागाचे प्रमाण आणि गटाराची जागा नोंदवतात. सरासरी काढू नये. कमीतकमी आणि जास्तीतजास्त अशी मर्यादा काढावी, कारण सरासरी घर गल्लीत कुठेच नसते.

मग नियम. उदाहरणार्थ: दर्शनी भिंतीचा ८० टक्के भाग बांधणी रेषेवर, तळमजल्याचा निम्मा भाग दार-खिडक्यांचा, सलग बंद भिंत ३ मीटरपेक्षा लांब नाही, फलकाची उंची ६० सेंटीमीटर आणि तो सज्जाच्या खालीच, एसीचे यंत्र रस्त्याकडे नाही, छताचे पाणी नळाने थेट पावसाळी गटारात. सक्तीचे काय आणि सल्ल्याचे काय, हे वेगळ्या शब्दांत लिहिलेले असावे. ‘परिसराला साजेसे’, ‘पारंपरिक छाप असलेले’ असे शब्द आले की दोन शक्यता उरतात: अधिकाऱ्याची मर्जी, नाहीतर सिमेंटच्या तयार महिरपी चिकटवलेली दर्शनी भिंत.

प्रसिद्धीपूर्वी मसुद्याची चाचणी घेतात. सर्वात अरुंद भूखंड, कोपऱ्याचा भूखंड आणि उतारावरचा भूखंड यांवर प्रत्यक्ष नकाशे काढून पाहतात की अनुज्ञेय एफएसआय संहितेत बसतो का. बसत नसेल तर उंची वाढवायची की एफएसआय दुसरीकडे टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणून द्यायचा, हे तेव्हाच ठरवावे लागते. मंजुरीनंतर हा प्रश्न उघडला तर सवलतींची रांग लागते. अलीकडे मंजूर झालेले दहा नकाशेही संहितेवर ताडून पाहावेत. दहाच्या दहा पास झाले तर संहिता काहीच सांगत नाही.

अंमलबजावणी

ऑनलाइन परवानगी प्रणाली नकाशातील क्षेत्रफळे आणि अंतरे तपासते, दर्शनी रेखाटन वाचत नाही. त्यामुळे संहितेसाठी शेजारच्या दोन्ही घरांसह काढलेले गल्लीचे रेखाटन वेगळ्या पानावर मागवावे लागते. सर्वात उपयोगी तपासणी जोत्याच्या टप्प्यावरची, कारण बांधणी रेषा, फाटक आणि उंची यांतील चूक तिथेच दुरुस्त होऊ शकते. भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी लक्षात आले तर दंड भरून चूक कायम होते. प्रमाणपत्रानंतर सहा महिन्यांच्या आत ओट्यावर शटर आणि गच्चीवर पत्रा येतो, म्हणून एक फेरी तेव्हाही ठेवावी. तिची जबाबदारी विभागीय कार्यालयाकडे नावानिशी सोपवलेली नसेल तर ती होत नाही.