'कार्निव्हल ऑफ सोल्स' : पार्श्वभूमी

१९६२ साली हा कृष्णधवल भयपट अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावात प्रथम दाखवला गेला, तेव्हा बाहेर त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही. शाळा-कारखान्यांसाठी माहितीपट काढणाऱ्या तिथल्याच एका कंपनीतल्या दिग्दर्शकाने रजा टाकून, सहकाऱ्यांना हाताशी धरून तो तीनेक आठवड्यांत चित्रित केला. खर्च सुमारे ३३ हजार डॉलर. युटा राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेक या सरोवराच्या काठचे सॉल्टेअर हे बंद पडलेले करमणूक केंद्र प्रवासात त्याच्या नजरेस पडले होते. कथा त्या वास्तूसाठीच रचली गेली.

वितरकाने दुसऱ्या भयपटाच्या जोडीने ड्राइव्ह-इन, म्हणजे मोटारीत बसूनच चित्रपट पाहायच्या, थिएटरांत लावण्यासाठी त्याला कात्री लावली. पुढे तो वितरकही बुडाला आणि निर्मात्यांच्या पदरात जवळपास काहीच पडले नाही.

खरा घोळ झाला तो कॉपीराइटचा. अमेरिकेच्या १९०९च्या कायद्यानुसार प्रदर्शित प्रतीवर हक्काची सूचना छापलेली असणे बंधनकारक होते. या चित्रपटाच्या प्रतींवर ती नव्हती, आणि एवढ्यावरून तो सार्वजनिक मालकीचा झाला, म्हणजे कुणीही तो परवानगीविना, फुकट वापरू शकत होता. त्या काळच्या कायद्यात अशी चूक मागाहून सहजी सुधारता येत नसे. फुकट मिळाल्यामुळे टीव्ही केंद्रांनी तो रात्री-अपरात्री दाखवला आणि म्हणूनच तो तगला, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे आहे, पण अर्धेच. त्याच फुकटेपणामुळे व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यात प्रतीवरून प्रत काढलेल्या, धूसर, कापलेल्या आवृत्त्या कुणीही विकल्या. ज्या चित्रपटाचा सगळा जीव सावल्यांत आणि ऑर्गनच्या सुरांत आहे, त्याचे यात अतोनात नुकसान झाले. कष्ट करणाऱ्यांना त्यातून छदामही मिळाला नाही, हेही विसरता कामा नये.

१९८९मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत आला, तेव्हा समीक्षकांनी वातावरणनिर्मितीची वाखाणणी केली. ताठर अभिनय आणि ओठांशी न जुळणारे संवाद यांवर टीकाही झाली, आणि ती रास्त आहे. मात्र नायिकेचा अलिप्तपणा हा अभिनयाचा दोष नाही. कथेची ती गरज आहे.

१९९८मध्ये त्याच नावाने नवा चित्रपट निघाला, तो मुळाच्या जवळपासही पोचला नाही. मूळ चित्रपटाची ४के, म्हणजे अतिशय सुस्पष्ट चित्राच्या, दर्जाची पुनर्संस्कारित आवृत्ती आली ती २०१६ साली.