उडपी हॉटेल

उडपी हॉटेल : कर्नाटकाच्या तुळू आणि कोकणी भाषक किनारपट्टीतून आलेल्या कुटुंबांनी चालवलेले, बहुतांशी शाकाहारी आणि मध्यम दराचे उपाहारगृह. मुंबई, ठाणे, पुणे या शहरांत बहुतेक स्टेशनांबाहेर आणि वर्दळीच्या नाक्यांवर असे एखादे तरी हॉटेल असते. सकाळी इडली-वड्याने त्याचे शटर उघडते आणि रात्री पावभाजी, पुलावाने बंद होते. तिथे जायला निमित्त लागत नाही. गाडी चुकली, डबा आणला नाही, पाहुणे अचानक आले किंवा घरी गॅस संपला, एवढे पुरते.

उडुपी हे मूळचे क्षेत्र. तेराव्या शतकात मध्वाचार्यांनी तिथे कृष्णाची स्थापना केली. मंदिराची पूजा आठ मठांकडे आळीपाळीने जाते. दर दोन वर्षांनी होणाऱ्या या पालटाला पर्याय म्हणतात. येणाऱ्या प्रत्येकाला जेवू घालणे हा तिथला नेम असल्याने मोठ्या पंगतीचा स्वयंपाक हे त्या परिसरातले पिढीजात कौशल्य बनले. कांदा-लसूण वर्ज्य, भर नारळ, उडीद आणि तांदळावर, आणि सांबारात गुळाचा खडा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत शिवळ्ळी ब्राह्मण आचारी ही विद्या घेऊन म्हैसूर, बंगळूर, मद्रास आणि मुंबईकडे निघाले. मद्रासला के. कृष्णराव यांनी १९३८ मध्ये वुडलँड्स सुरू केले आणि ‘उडपी’ हे नाव दक्षिणेत शाकाहारी हॉटेलाचे बिरुद झाले.

मुंबईत या धंद्याचे माहेर म्हणजे माटुंगा. प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची वस्ती आखली. तिथे तमिळ आणि इतर दाक्षिणात्य कारकून, टंकलेखक, रेल्वेतले नोकरदार राहायला आले. त्यांतले बरेच एकटे होते आणि त्यांना घरच्यासारखा भात हवा होता. रामा नायक हे कोवळ्या वयात मुंबईत आले, पडेल ते काम केले आणि १९४२ मध्ये त्यांनी माटुंगा स्टेशनजवळ पहिल्या मजल्यावर ‘उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग’ काढले. केळीच्या पानावरचे तिथले जेवण आजही चालू आहे. किंग्ज सर्कलचा कॅफे मद्रास त्याच काळातला. कांजीवरम इडली किंवा नीर डोसा खायला रविवारी सकाळी त्याच्या दारात फुटपाथवर नावे पुकारली जाण्याची वाट बघत माणसे उभी असतात.

सुरुवातीच्या काही हॉटेलांत ब्राह्मणांसाठी वेगळी बसण्याची जागा असे, हे या सात्त्विक इतिहासात सहसा सांगितले जात नाही. १९५० च्या राज्यघटनेतील अनुच्छेद १५ (२) ने सार्वजनिक उपाहारगृहांत जातीवरून मज्जाव करणे बेकायदा ठरवले. शहरातल्या गर्दीने ते काम आधीच बरेचसे सुरू केले होते. खुर्ची रिकामी झाली की समोर कोण येऊन बसेल यावर मालकाचा ताबा राहत नाही.

पुढे या धंद्यात बंट समाजाचे, म्हणजे शेट्टी, हेगडे, राय या आडनावांचे, लोक मोठ्या संख्येने आले. ही मूळची जमीनदार आणि शेतकरी मंडळी. १९७४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकातील कुळकायद्याने जमिनी कुळांकडे गेल्या, तेव्हा अनेक घरांतल्या तरुणांनी मुंबईची वाट धरली. पंक्तीचे सोवळे बंट मालकांवर नव्हते. त्यांच्यातल्या काहींनी परमिट रूम आणि मंगळुरी मासळीची लंच होमे काढली, काहींनी शाकाहारी हॉटेलेच चालवली. म्हणून गल्ल्यावरच्या माणसाला गिऱ्हाईक सर्रास ‘शेट्टी’ किंवा ‘अण्णा’ म्हणते, मग तो कामत असो वा पै.

गावाहून आलेला मुलगा आधी टेबल पुसायचा, मग पाणी द्यायचा, मग वेटर, मग गल्ला. कुणी भागीदारीत एखादी जागा घेतली की गावातली आणखी चार मुले बोलावली जात. दिवसभर कपबश्या विसळून रात्री कन्नड रात्रशाळेत शिकलेले अनेक जण पुढे मालक, वकील, प्राध्यापक झाले. या यशोगाथा खऱ्या आहेत, पण त्या टेबले पुसणाऱ्या सगळ्यांच्या नाहीत. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेलांत कामाला ठेवण्यावर बंदी आली. त्याआधी ‘ए पोऱ्या, टेबल मार’ ही हाक कोणाला वावगी वाटत नसे.

या हॉटेलाची सारी रचना एकाच हिशेबावर उभी असते : टेबल दिवसात किती वेळा फिरते. दर कमी, भाडे जास्त. म्हणून बसल्याबसल्या पाण्याचे स्टीलचे पेले येतात, वेटर ‘इडली वडा उपमा शिरा साधा मसाला रवा’ एका दमात म्हणतो आणि शेवटचा घोट पोटात जाण्याआधी बिल बडीशेपेच्या वाटीसह पुढ्यात येते. गर्दीच्या वेळी अनोळखी माणूस ‘इथे कोणी आहे का?’ एवढे विचारून समोर बसतो, दोघे एकमेकांकडे न बघता खातात, आणि चटणीची वाटी मात्र आपण होऊन पुढे सरकवतात. याला कुणी उद्धटपणा म्हणत नाही. बिल दोन मिनिटे उशिरा आले तरच कुरकुर होते.

खरा कस भट्टीपाशी लागतो. तांदूळ आणि उडीद डाळ वेगवेगळी भिजवून, दगडी ग्राइंडरवर वाटून, रात्रभर आंबवतात. मुंबईच्या मे महिन्यात पीठ इतक्या झपाट्याने फुगते की पहाटेपर्यंत आंबूस होऊ नये म्हणून वाटण्याची वेळ पुढे ढकलावी लागते. डोसेवाला लांबट जाड तव्यावर पाणी शिंपडतो. थेंब नाचत उडाले तर तवा जास्त तापला आहे. मग खराट्याने तो पुसून घेतो, वाटीभर पीठ मधोमध ओतून बाहेरच्या बाजूला फिरवत नेतो आणि एका तव्यावर तीन-चार डोसे ओळीने घालतो. पहिला उलथण्याने सुटेपर्यंत शेवटच्यावर लोणी पडलेले असते. मैसूर मसाल्याची लाल चटणी तव्यावरच डोशाला फासली जाते.

मसाला डोशावरून हॉटेल जोखण्याची रीत आहे, पण ती फारशी उपयोगाची नाही. भरपूर लोणी आणि ताजी भाजी यांनी बरेच झाकले जाते. दुपारी चारची इडली मागवावी. सकाळची इडली सगळीकडे मऊ असते. चारला जो नवी वाफ काढतो त्याचे हॉटेल चांगले.

दुपारच्या जेवणाला राइस प्लेट म्हणतात. पुऱ्या किंवा चपात्या, दोन भाज्या, डाळ, सांबार, रसम, भात, दही, पापड, लोणचे आणि कधी एक वाटी गोड, एवढे एका ताटात येते. ऑफिसच्या परिसरात दुपारची दोनेक तासांची ही पंगतच दिवसाचा धंदा तारते.

आजच्या उडपी मेन्यूत उडुपीचे फार थोडे उरले आहे, आणि ही तक्रार करण्याजोगी गोष्ट नाही. मुंबईने मागितले ते या हॉटेलांनी शिकून घेतले. बटाटेवडा सांबारात बुडवला, वड्याला उसळीची जोड दिली, एकादशी-संकष्टीला साबुदाणा खिचडी ठेवली. रस्त्यावरची पावभाजी आत आणली आणि जैन गिऱ्हाइकासाठी बटाट्याऐवजी कच्च्या केळ्याची केली. मग पनीरच्या पंजाबी भाज्या आल्या, हाका नूडल्स आल्या आणि शेवटी शेजवान डोसा, ज्यात चीन, उडुपी आणि घाटकोपर यांचे भांडण मिटलेले दिसते. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर जगन्नाथ शेट्टी यांच्या वैशालीने शेव, बटाटा, दही आणि पुरी एकत्र करून एसपीडीपी नावाची डिश रूढ केली. तिचा किनारी कर्नाटकाशी काही संबंध नाही, तरी वैशालीत जाऊन ती न खाणारा पुणेकर विरळा.

मराठी माणसाचे या हॉटेलाशी नाते सरळ नव्हते. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली तेव्हा ‘हटाव लुंगी, बजाव पुंगी’ या घोषणेखाली दाक्षिणात्यांविरुद्ध जे आंदोलन पेटले, त्यात उडपी हॉटेलांवर दगडफेक झाली. दाक्षिणात्य खाण्याला पर्याय म्हणून वडापावच्या गाड्यांना पाठबळ मिळाले. १९९५ मध्ये आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे काढली. वडापाव टिकला, झुणका-भाकरीची केंद्रे बंद पडली किंवा त्यांतल्या कित्येकांत इतर पदार्थ विकले जाऊ लागले. दोन्हींनी उडप्याचे गिऱ्हाईक मात्र तोडले नाही. त्या सगळ्या वर्षांत चळवळीतल्या बैठका आणि कविसंमेलनांनंतरच्या गप्पा याच टेबलांवर रंगत होत्या.

वातानुकूलित भाग हा अलीकडचा थर. काचेचे दार ओलांडले की तोच डोसा महाग होतो. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा साध्या हॉटेलाला १२ आणि एसी हॉटेलाला १८ टक्के कर होता. १५ नोव्हेंबर २०१७ पासून दोन्हींवर ५ टक्के झाला. आतल्या भागाचे चढे दर मात्र बहुतेक ठिकाणी राहिले.

मालकांची पुढची पिढी इंजिनिअर झाली किंवा परदेशी गेली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली आणि उडुपी एका रात्रीच्या अंतरावर आले. तरी हॉटेलांत कामाला मुले गावाहून येईनाशी झाली, कारण गावाकडेही आता बरी नोकरी मिळते. आज तव्यावर उत्तर प्रदेश, ओडिशा, बंगाल, नेपाळचे कारागीर दिसतात. काही मालकांनी चालते हॉटेल दुसऱ्याला कराराने चालवायला दिले, तर काहींनी मोक्याची जागा बँकेला किंवा औषधांच्या दुकानाला भाड्याने देऊन धंदा थांबवला. जी चालू आहेत त्यांत घरपोच मागण्यांचा वाटा वाढला आहे. डोसा डब्यात दहा मिनिटांत मऊ पडतो, म्हणून अनेक ठिकाणी पार्सलसाठी तो मुद्दाम थोडा जास्त भाजतात.