नागाचं विष प्यायलं तर?

‘पॉयझनस स्नेक’ असे दोन शब्द सापांच्या एखाद्या अभ्यासकापुढे ठेवून बघा. हात शिवशिवतील त्याचे. ‘पॉयझनस’ खोडून तो वर ‘व्हेनमस’ लिहील. आपल्याला वाटतं, एवढं काय त्यात? मराठीत नाग विषारी, धोतरा विषारी आणि पिणारे दगावले की गावठी दारूही विषारीच.

इंग्रजीतला फरक विष किती जहाल आहे याचा नाही, ते कोणत्या वाटेने अंगात शिरतं याचा आहे. दात, नांगी किंवा काटा रुतवून जे आत सोडलं जातं ते व्हेनम. जे खाण्यापिण्यातून, श्वासातून किंवा कातडीतून बाधतं ते पॉयझन. तिकडे याची एक खूणगाठ सांगतात: तुम्ही त्याला चावलात आणि तुम्ही मेलात, तर ते पॉयझन, ते तुम्हाला चावलं आणि तुम्ही मेलात, तर व्हेनम.

पण वाट बदलली म्हणून परिणाम का बदलावा? उत्तर रेणूंच्या आकारात आहे. नागाचं किंवा घोणसाचं विष म्हणजे मुख्यतः प्रथिनं. पोटात गेल्यावर डाळीतल्या प्रथिनांचं जे होतं तेच यांचं होतं: आम्ल आणि पाचक रस त्यांचे तुकडे पाडतात. तुकडे न झालेले रेणू इतके थोराड असतात की आतड्याची भिंत ओलांडून ते सहजासहजी रक्तात उतरत नाहीत. म्हणून तर सापाला विषदंत लागतो. आतून पोकळ, इंजेक्शनच्या सुईसारखा.

हे पहिल्या शतकातल्या रोममध्ये सेल्सस या वैद्यकावर लिहिणाऱ्या ग्रंथकाराने लिहून ठेवलं होतं: सर्पविष मारतं ते जखमेतून, चवीतून नव्हे. तरी पुढची कित्येक शतकं लोक सापाच्या पित्तालाच विष समजत राहिले. 1664 मध्ये फ्रान्सेस्को रेडी या इटालियन वैद्याने व्हायपर सापांवरचे आपले प्रयोग छापले. विषदंतातून येणारा पिवळसर द्रव जखमेत घातला की प्राणी मरत, गिळला की काही होत नसे. तिथल्या एका साप पकडणाऱ्याने तर ते सर्वांसमोर पिऊन दाखवलं. (आपण हे करायचं नाही. हिरडी सोललेली असली, तोंड आलेलं असलं किंवा जठरात व्रण असला, तर सापाचा दात न लागताही विषाला वाट मिळते.)

पॉयझनचे बरेचसे रेणू याउलट चणीने लहान असतात. फुगणारा पफर मासा घ्या. जपानमध्ये त्याला फुगू म्हणतात आणि तो रांधायला आचाऱ्याकडे परवाना असावा लागतो. त्यातलं टेट्रोडोटॉक्सिन शिजवून नष्ट होत नाही, पोटातही टिकतं, रक्तात उतरतं आणि नसांमधले सोडियमचे दरवाजे बंद करून टाकतं. स्नायूंना निरोप पोचत नाहीत आणि श्वास थांबतो. आता खरी मजा. ऑस्ट्रेलियाजवळच्या समुद्रात निळ्या वलयांचा एक चिमुकला ऑक्टोपस आहे. त्याच्या लाळेतही हेच टेट्रोडोटॉक्सिन असतं आणि ते तो चावून शत्रूच्या अंगात सोडतो. रेणू तोच; माशात पॉयझन, ऑक्टोपसच्या चाव्यात व्हेनम.

जपानचा यामाकागाशी साप तर दोन्ही खात्यांत मोडतो. चावला की त्याचं व्हेनम रक्त गोठण्याची सगळी घडी विस्कटतं. शिवाय मानेवरच्या ग्रंथींत तो पॉयझन साठवतो, तेही उसनं: खाल्लेल्या भेकांच्या अंगातलं. जिथे भेकच नाहीत अशा बेटावरच्या सापांच्या या ग्रंथींत ते विष सापडत नाही.

शब्दांची कुळंही बघण्यासारखी आहेत. पॉयझन आलं ‘पोतिओ’ या लॅटिन शब्दापासून. अर्थ साधा: पेय. म्हणजे पोटातून जाण्याची वाट शब्दातच आहे. व्हेनमचा पूर्वज ‘वेनेनुम’ मात्र लॅटिनमध्ये कुठल्याही विषाला चालायचा. इंग्रजीतली काटेकोर वाटणी पुढची. लॅटिनमध्ये विषासाठी आणखी एक शब्द होता, ‘विरुस’. तो आपल्या ‘विष’चा सख्खा चुलतभाऊ. तेव्हा व्हायरसला मराठीत विषाणू म्हणणाऱ्याने फुटलेलं घराणंच पुन्हा जोडलं म्हणायचं.

आपल्याकडे विषाची विभागणी झाली, पण वेगळ्या रेषेवर. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात विष दोन प्रकारचं: स्थावर आणि जंगम. मूळ, पान, फळ, खनिज यांचं ते स्थावर, प्राण्यांचं ते जंगम. विष आलं कुठून हा तिथला प्रश्न. शिरलं कसं, हा नव्हे. त्यामुळे जंगम विषाच्या सोळा ठिकाणांत दाढेबरोबर दृष्टी आणि निःश्वासही बसतात.

मग मराठीला हा फरक कळतच नाही का? मला तसं वाटत नाही. आपण तो विषाच्या नावात ठेवला नाही, घटनेच्या नावात ठेवला. वर्तमानपत्र उघडा. शेतकऱ्याचा मृत्यू ‘सर्पदंशाने’ होतो, लग्नाच्या जेवणातून वऱ्हाडींना ‘विषबाधा’ होते. ही अदलाबदल कोणी करत नाही. ‘विंचवाची विषबाधा’ असं कानाला खटकतंच.

दवाखान्यात हा फरक जिवावरचा ठरतो. सर्पदंशावर दिलं जाणारं प्रतिविष (गावाकडे त्याला सर्रास ‘सापाची लस’ म्हणतात, पण ती लस नव्हे) घोड्यांच्या रक्तातून मिळतं. घोड्याला विषाचे छोटे छोटे डोस देत गेलं की त्याचं शरीर त्या प्रथिनांना घट्ट धरून ठेवणारी प्रतिपिंडं बनवतं. मुंबईच्या हाफकिनमध्ये हे प्रतिविष बनत आलं आहे. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालतं. इथेही आकारच कामी येतो: प्रथिनाचा थोराड रेणू घोड्याच्या शरीराला परका म्हणून ओळखू येतो, चिमुकला रेणू एकटा असला तर बहुधा नजरेतून सुटतो. म्हणून साप चावलेल्याला हीच बाटली वाचवते. कण्हेर खाल्लेल्याला मात्र ती कितीही टोचली तरी उपयोग शून्य.