पेडलखाली दडलेली एक मिलिलीटर हवा

ब्रेकचं पेडल थोडं खाली गेलं की पायाला टणक लागायला हवं. ते स्पंजासारखं दबत गेलं आणि दोन-तीनदा पटापट पंप केल्यावर वर आलं, तर मेकॅनिक म्हणतो, ‘एअर धरली आहे.’ बहुतेक वेळा ते खरं असतं. पण एवढ्याशा हवेने एवढा फरक का पडावा?

पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो तो ब्रेक ऑइलमधून. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पसरतो, हा १७व्या शतकात ब्लेझ पास्कलने मांडलेला नियम इथे कामाला येतो. द्रव दाबला तरी फारसा आकसत नाही. हवा मात्र आकसते. जोरात ब्रेक मारला की नळीतला दाब वातावरणाच्या ५० पट सहज होतो आणि बुडबुडा मूळ आकाराच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा उरतो.

हिशेब करून पाहू. मास्टर सिलिंडरचा (पेडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणाऱ्या नळकांड्याचा) व्यास २० मिलिमीटर धरला, तर त्यातल्या पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण ३.१४ चौरस सेंटिमीटर. १ मिलिलीटर हवा चेपायला पिस्टन सुमारे ३ मिलिमीटर जास्त सरकावा लागतो. पेडल ही तरफ आहे; ती पाचास एक या प्रमाणाची असेल, तर पाय तब्बल १५ मिलिमीटर जास्त खाली जातो. एवढ्याशा हवेने पेडल जमिनीकडे का निघतं, ते यावरून कळेल.

मात्र पाना हातात घेण्याआधी एक तपासणी कराच. पेडल एकसारखं दाबून धरा. ते हळूहळू खाली बसत गेलं, तर मास्टर सिलिंडरचं सील गेलेलं असू शकतं किंवा कुठेतरी गळती असते. मग हवा काढून काही साधत नाही.

हवा काढायला दोघं लागतात. गाडी सपाट जागी, नुसत्या जॅकवर नव्हे तर भक्कम स्टँडवर, आणि इंजिन बंद. चाकाजवळ ब्रेकची डिस्क आवळणारा भाग म्हणजे कॅलिपर; त्याच्या वरच्या अंगाला ब्लीडर निपल, म्हणजे हवा बाहेर सोडायची छोटी झडप, असतो, कारण हवा वरच जमते. (कॅलिपर बदलताना डावा-उजवा उलटसुलट बसला, तर निपल खाली येतो आणि कितीही ऑइल ओतलं तरी हवा निघत नाही.) निपलवर पारदर्शक नळी घालून तिचं दुसरं टोक थोडं ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवायचं. आत बसलेल्याने पेडल दाबून धरायचं, चाकाजवळच्याने निपल किंचित सैल करायचा. बुडबुड्यांसकट ऑइल बाहेर येतं. मग निपल बंद, आणि त्यानंतरच पाय वर. हा क्रम चुकला की सगळं पाण्यात: पेडल वर येताना पिस्टन मागे जातो आणि उघड्या निपलमधून बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणून दोघांनी ‘दाबलं’, ‘बंद’, ‘सोड’ असं मोठ्याने बोलत राहावं.

ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी खालच्या खुणेपर्यंतही जाऊ देऊ नका. टाकी रिकामी झाली तर वरूनच हवा शिरते. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबू नये, एरवी न वापरल्या जाणाऱ्या भागातल्या गंजाने सील फाटतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की झालं. कोणत्या चाकापासून सुरुवात करायची हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावं. एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्येच हवा अडकली असेल, तर अनेक गाड्यांत ती गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरशिवाय निघत नाही.

काढलेलं ऑइल परत ओतू नका. ग्लायकॉलवर आधारलेलं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ४ प्रकारचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अट असते, त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की ही अट १५५ अंशांवर येते. लांब घाटात ब्रेक तापले की त्यातून वाफ होते आणि तीही हवेसारखीच चेपली जाते. थंड असताना पेडल उत्तम, तापल्यावर मऊ, असं होत असेल तर मला आधी जुन्या ऑइलचाच संशय येतो. हे ऑइल रंग खातं. गाडीवर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवावं, आणि डोळ्यांना चष्मा हवाच.

शेवटी सगळे निपल पुसून कोरडे करा, इंजिन चालू करून पेडल जोरात दाबून धरा आणि दुसऱ्याला प्रत्येक निपल ओला होतोय का ते पाहायला सांगा. पेडल टणक राहिलं, तर मोकळ्या जागेत अगदी हळू चालवत ब्रेक दोन-चारदा लावून पाहा. जरा जरी मऊ लागलं, तर गाडी रस्त्यावर नेऊ नका.