कित्तूरचा उठाव

बेळगाव-धारवाड मार्गावरील कित्तूर संस्थानाच्या प्रजेने ईस्ट इंडिया कंपनीविरुद्ध दिलेला सशस्त्र लढा (१८२४–३१). राणी चन्नम्माची १८२४ मधील लढत सर्वांना ठाऊक असते. मात्र खानापूर, बिडी, नंदगड या मराठी मुलखाचा या इतिहासाशी खरा संबंध येतो तो संगोळ्ळी रायण्णाने पुढे चालवलेल्या गनिमी लढ्यामुळे.

१८१८ मध्ये कंपनीने बेळगावचा किल्ला घेतला, तेव्हा कित्तूरचे देसाई (संस्थानिक) कंपनीच्या बाजूला होते. त्या मदतीची जाण सहा वर्षेही राहिली नाही. सप्टेंबर १८२४ मध्ये देसाई शिवलिंगरुद्रसर्ज निपुत्रिक वारले आणि धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने दत्तक नामंजूर करून खजिन्याला मोहोर ठोकली. डलहौसीच्या नावाने ओळखले जाणारे दत्तक नामंजुरीचे धोरण कित्तूरने असे दोन तपे आधीच भोगले. २३ ऑक्टोबरला थॅकरेने किल्ल्यावर तोफा रोखल्या. तेवढ्यात दरवाजा उघडून कित्तूरची फौज तुटून पडली. थॅकरे ठार झाला, तर स्टीव्हन्सन आणि इलियट हे अधिकारी ओलीस सापडले. यातील वॉल्टर इलियट पुढे कर्नाटकातील शिलालेखांचा अभ्यासक म्हणून नावारूपाला आला. राणीने ओलिसांना सुखरूप सोडले, तरी कंपनीने मोठी फौज आणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात किल्ला घेतला. त्या लढाईत सोलापूरचा सबकलेक्टर मन्रो मारला गेला. बैलहोंगल येथे कैदेत असतानाच १८२९ मध्ये चन्नम्माचे निधन झाले.

किल्ला पडला तरी गावे शांत झाली नाहीत, याचे कारण जमिनीत आहे. गावची राखण आणि सरकारी कामे करण्याच्या मोबदल्यात शेतसनदी शिपायांना जमीन मिळे. नव्या अंमलात या जमिनी जप्त झाल्या किंवा त्यांच्यावर न झेपणारा सारा बसला. रायण्णा स्वतः शेतसनदी. देसाईंचा दत्तकपुत्र शिवलिंगप्पा याला गादीवर बसवण्याचा निर्धार जाहीर करून त्याने माणसे जमवली. त्यांत हलियाळ भागातील सिद्दी (आफ्रिकी वंशाचे लोक) होते. या लोकांनी बिडीची कचेरी जाळली, ठिकठिकाणची दप्तरे पेटवली. हा नुसता जाळपोळीचा प्रकार नव्हता. ज्या कागदांच्या आधारे जमीन हिरावली गेली, तेच कागद शेतकऱ्यांनी नष्ट केले. खानापूरच्या दाट रानात फौजेला त्यांचा माग काढणे जमेना, तेव्हा कंपनीने फितुरीचा आधार घेतला. एप्रिल १८३० मध्ये, ओढ्यावर आंघोळ करताना रायण्णा नि:शस्त्र सापडला असे सांगतात.

२६ जानेवारी १८३१ रोजी त्याला नंदगड येथे फाशी दिली. त्याच्या समाधीजवळचा वड लोक पूज्य मानतात. मूल व्हावे म्हणून तिथे नवसाचे पाळणे बांधतात. त्याच्या साथीदारांपैकी काहींना फाशी झाली, काहींना काळ्या पाण्यावर धाडले. तरीही कित्तूरची गादी परत मिळवण्यासाठी पुढची काही वर्षे या भागात लहानमोठे उठाव होतच राहिले.