नुसता बॉल बदलायचा, वाटी तशीच

"प्लास्टर घाला ना! एवढ्याशा फ्रॅक्चरला सांधा कशाला बदलायचा?" घरातलं म्हातारं माणूस पडून खुबा मोडला की हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे. मनगट दीड महिन्यात जुळतं, मग खुब्यानेच काय घोडं मारलंय?

घोळ आहे रक्ताचा. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कमरेच्या वाटीत फिरतो आणि एका तिरक्या मानेने खालच्या हाडाला जोडलेला असतो. वाटीकडून त्याला एक बारीक धमनी येते खरी, पण मोठेपणी तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. गोळ्याला पोसणाऱ्या मुख्य रक्तवाहिन्या मानेच्या तळाशी कडं करतात आणि तिथून मानेला चिकटून वर चढतात. मान मोडून तुकडे सरकले, की त्याही फाटतात किंवा पिळवटतात. गोळा उपाशी मरतो. त्यात इतर हाडांवर नवं हाड रचणारी जी जिवंत साल असते, ती इथे जवळजवळ नसतेच. आणि सांध्यातलं वंगण रक्ताची गुठळीही धड टिकू देत नाही. तेल चोळून हाड 'बसवणाऱ्यांनी' एवढंच सांगावं, की कित्येक सेंटिमीटर आत फाटलेली धमनी तेलाने कशी सांधणार?

तरुणांत स्क्रू घालून गोळा वाचवायचा प्रयत्न होतो. उतारवयात तो काढून धातूचा बॉल बसवतात; त्याचा दांडा मांडीच्या हाडाच्या पोकळीत जातो. वाटी मूळचीच. वाटीही बदलावी का? पन्नाशीपुढच्या १४९५ रुग्णांवरच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचं प्रमाण वाटीसकट बदललेल्या पूर्ण सांध्यात ७.९ आणि नुसता बॉल बदललेल्या अर्ध्यात ८.३ टक्के निघालं. म्हणजे जवळपास सारखंच. 'बॉलमध्ये बॉल' असलेल्या बायपोलरचं कौतुक फार होतं, पण साध्या बॉलपेक्षा त्याने चालणं ठळकपणे सुधारल्याचं दिसलेलं नाही.

दांडा बसवताना हाडात सिमेंट भरल्याने मात्र फरक पडतो. ते चिकटवत नाही. फरशीच्या फटीतल्या भरणीसारखं दांड्याभोवतीची जागा भरतं. २०२२ च्या एका ब्रिटिश चाचणीत दांड्यालगत हाड मोडण्याचं प्रमाण सिमेंटवाल्यांत ०.५ टक्के, तर बिनसिमेंटवाल्यांत २.१ टक्के होतं. सिमेंट दाबून भरताना कधीकधी रक्तदाब झपकन उतरतो, म्हणून त्या दोन मिनिटांत भूलतज्ज्ञाचे डोळे मॉनिटरवरून हलत नाहीत.

कटू भाग असा, की खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण चौथा-पाचवा माणूस वर्षभरात दगावतो. खापर ऑपरेशनवर फुटतं. पण आधीच थकलेलं हृदय, अंथरुणात होणारा न्यूमोनिया आणि पायातल्या गुठळ्या यांचा त्यात मोठा वाटा असतो. म्हणूनच शस्त्रक्रिया एक-दोन दिवसांत उरकून दुसऱ्या दिवशी वॉकर हातात देतात. त्याला धरून उभं राहताना माणूस कण्हतो, नातेवाईक डॉक्टरांवर चिडतात. जे वाचतात त्यांतल्या बऱ्याच जणांच्या हातात काठी राहते. फार हिंडणाऱ्यांत काही वर्षांनी धातू वाटीतली कूर्चा झिजवतो, जांघेत दुखू लागतं, आणि मग उरलेला अर्धा सांधाही बदलावा लागतो.